चिमणीची काठी

बाळासो: न्हाय म्हंजे न्हाय. माझ्या घरातल्या माणसाचा हात त्या काठीला लागणार न्हाय.

श्रुती: मामा, काठी मी कुठं मागतेय? मी पेंडी मागणार आहे. नव्या भाताची पहिली पेंडी.

बाळासो: एकच की ते! पुढं काठी, मागं पेंडी, आन त्याच्या मागनं सगळा गाव. त्या सणाचं नाव आपल्या वस्तीनं सत्तावन साली टाकलं. म्हंजे बौद्ध झालो त्याच्या पुढच्या वर्षी. माझ्या बानं हलगी नेली, चावडीच्या पायरीवर ठेवली आन म्हणला, आता वाजवा तुमची तुम्ही. मी शेजारी हुतो. माझा पोरगा, तुझा नवरा, जन्मला बी नव्हता तवा.

श्रुती: तेव्हा सरपंच कोण होतं?

बाळासो: सरपंच कसला आलाय? पाटील म्हणंल तसं.

श्रुती: आता मी आहे. आज ग्रामसभा आहे, खुर्चीत मी बसणार. सण चार दिवसांवर आलाय. पेंडी कुणी आणायची हे मी नाही विचारायचं तर कुणी विचारायचं?

बाळासो: रस्ता कर. गटार कर. शाळंवरचं पत्रं गळत्यात ती बदल. त्यासाठी निवडून दिलंय तुला. सणात कशाला शिरतीस?

श्रुती: पत्रे मंजूर झालेत. आता सण.

अमीन: हाईत का सरपंच घरात? बाळ्या, सरक जरा, हे लांबडं कुठं ठेवू? कोल्हापुरातनं फलक आलाय. मंडपवाला म्हणून मीच घेऊन आलो टेंपोतनं. उलगडू का?

श्रुती: उलगडा की चाचा. मजकूर मला दाखवतो म्हणाले होते कृष्णात पाटील. दाखवला नाही.

अमीन: का दाखवला न्हाई ते आता कळंल. ऐका. "कातळवाडीचा ऐतिहासिक नव्याचा सण. वर्ष सव्वाशेवे. आद्य प्रवर्तक कैलासवासी सुभानराव पाटील, ज्यांनी मोठ्या दुष्काळात स्वतःचे पेव फोडून रयतेस बियाणे वाटले." खाली फोटू. आता त्या काळातला फोटू कुठला? त्यांच्या आज्याचाच घातलाय, मिशी वाढवून.

बाळासो: पेव फोडलं? पेवात काय हुतं फोडायला? उंदरं मेली हुती म्हण त्यात उपाशी.

अमीन: आमच्यात येगळंच सांगत्यात. फकीर आला, झोळीत बियाणं घेऊन. दर्ग्याच्या कट्ट्यावर टेकला. म्हणून सणाचा नवा भात आजून दर्ग्याच्या देगीत शिजतोय, देवळात न्हाई. हे फलकावर हाय का? न्हाई. मी मंडप बांधायचा, माझा फकीर मात्र गायब.

श्रुती: आणि आपल्यात काय सांगतात, मामा?

बाळासो: काय न्हाई.

अमीन: काय न्हाई कसं? तुझ्या घरच्या तानूवैनी होत्या तवर दर वर्षी सांगायच्या. माझ्या बायकूनं, मेहमुदानं सुद्धा त्यांच्याकडनंच ऐकलंय.

श्रुती: आत्तींनी मला पण सांगितलं होतं, दवाखान्यात असताना. निम्मंच. दम लागायचा त्यांना. तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही, मामा.

बाळासो: सांगून काय करायचं?

श्रुती: मला ऐकायचंय.

बाळासो: ...चिमणा. चिमणाबाई. माझ्या पणज्याची आई. दुष्काळ असला पडला की लोकांनी बी-बियाणं शिजवून खाल्लं. पुढच्या साली आभाळ भरून आलं, पर पेरायचं काय? गावात दाणा न्हाई. खाली कोकणात हुतं म्हण भात, पर खाली पटकीची साथ. माणसं पटापटा मरत होती. कोण जातंय? चिमणाचा नवरा गावचा तराळ. येशीवर राखण, सरकारी सांगावा पोचवायचा, ढोर मेलं तर वढायचं, सगळं त्याच्या गळ्यात. त्यो तापात गेला. मग ती एकटीच अणुस्कुऱ्याच्या घाटानं उतरली. हातात नवऱ्याची घुंगराची काठी. रानात जनावर अंगावर येऊ नये म्हणून वाजवत.

श्रुती: आणि बियाणं?

बाळासो: एका खोताकडं राबली. मजुरी काय पाहिजे म्हणला, तर म्हणली, बियाणं दे. डोईवर घेऊन घाट चढली. पोटात काय न्हाई आन डोक्यावर भात. वाटंत मूठभर खाल्लं असतं तर कोण बगाय बसलंय? खाल्लं न्हाई.

अमीन: घे! आन आमचा फकीर बी घाटानंच आला म्हणत्यात.

बाळासो: तुझा फकीर फकीरच ऱ्हाऊ दे. तर आली. येशीवर उभी ऱ्हायली. आत कशी जाणार? गावानं बियाणं आत नेलं, तिला भाईर पान वाढलं. झालं. हा इतिहास. ह्यात मिरवायसारखं काय हाय? सांग मला. तिनं गाव जगवला आन गावानं तिच्या नातवंडांच्या गळ्यात हलगी अडकवली. माझा आज्जा ती काठी वाजवत रस्त्यानं जायचा, का म्हाईत हाय? त्याची सावली कुणावर पडू नये म्हणून. वाट सोडा, तराळ आला. त्या काठीचा मान मागायचा व्हय?

श्रुती: मान नाही मागायचा. मला पेंडी आणायचीय आणि त्या फलकावरचं खोटं खोडायचंय.

बाळासो: आन खोडून काय लिवणार? चिमणाबाई? कोण मानंल?

श्रुती: तुम्ही चला सभेला. तुम्ही सांगितलंत तर मानतील.

बाळासो: मी न्हाई यायचा. मला त्या चावडीनं काय दिलंय ते मला म्हाईत हाय. हलगी ठेवली तवा गिरणीत आमचं दळण घ्यायचं बंद केलं, दुकानात मीठ मिळंना. मी उठून कोल्हापूरला गेलो, उद्यमनगरात भट्टीपुढं लोखंड वतलं सारी हयात. त्या सणाचा वास बी नगं मला. तू जा. तुझी सभा हाय. पर माझं नाव काढू नगंस.

अमीन: चला सरपंच. येतो मी. माईक माझाच हाय. कुणी वरडाय लागलं की आवाज कमी करीन.

०

अमीन: बाळ्या! ए बाळ्या! दार उघड की! झोपलास काय भर दुपारचा?

बाळासो: उघडंच हाय. काय झालं? मारामारी झाली काय? श्रुती कुठाय?

अमीन: येतीया मागनं. बायकांनी अडवून धरलीया तिला, सोडंनात. अरं यार, तू न्हवतास तिथं! ह्या जन्मात परत दिसायचं न्हाई असलं.

बाळासो: नीट सांग.

अमीन: पाणी दे आदी. हां. तर सरपंचानं फलक उभा केला आन म्हणाली, ह्यातलं एकेक सिद्ध करा. कृष्णात पाटील उठला. म्हणला, सिद्ध काय करायचं? सव्वाशे वर्सं पेंडीचा मान आमचा. काठी आमच्या घरात. चिमणीची काठी म्हणत्यात तिला, कारण पिकावरच्या चिमण्या हाकायला आमच्या पणज्यानं ती केली. पाटील सोता शिवारात उभा राहून चिमण्या हाकत हुता रयतेसाठी. टाळ्या पडल्या.

बाळासो: पडणारच.

अमीन: मी बी वाजवली एक. सवय. मग तुझी सून म्हणाली, काका, एक विचारू? चिमण्या हाकायच्या तर पायात चप्पल का घालत नाही तुम्ही त्या दिवशी? कृष्णात म्हणला, रीत हाय. ती म्हणाली, खांद्यावर काळं घोंगडं कशाला? रीत हाय. गावात एवढा वाडा असताना येशीबाहेर धुळीत बसून पानावर का जेवता? रीत हाय. घाटाच्या वाटेवरनंच का येता, तुमचं शेत तर ओढ्याकडं आहे? आता कृष्णात टोपी काढून डोकं खाजवाय लागला, खुदा की कसम.

बाळासो: आन?

अमीन: आन ही म्हणाली... हे बग, आलीच. तूच सांग गं, मला तुझ्यासारखं जमायचं न्हाई.

श्रुती: काय सांगू? मामा, जरा टेकू दे मला आधी.

बाळासो: बस. बस आदी. काय म्हणालीस तू?

श्रुती: मी म्हणाले, मी गडहिंग्लजकडची. लग्न होऊन आले त्या वर्षी हा सण पहिल्यांदा बघितला. तुम्हा लोकांना रोजचं आहे, म्हणून दिसत नाही. अनवाणी पाय, घोंगडं, घुंगराची काठी, डोक्यावर भात, घाटाची वाट, वेशीबाहेर पान. असं कोण चालायचं ह्या गावात? पाटील चालायचे का? वर्षातनं एक दिवस पाटील कुणाचा वेष घेतात, तेवढं मला कुणीतरी सांगा.

बाळासो: असं इचारलंस? तोंडावर?

श्रुती: खुर्चीत बसूनच विचारलं.

अमीन: चावडीत म्हातारी माणसं एकमेकांकडं बगाय लागली. बगितलं हुतं सगळ्यांनी जलमभर. दिसलं आज.

बाळासो: कृष्णात काय म्हणला?

श्रुती: म्हणाले, हे सगळं वरनं लावलेलं आहे, पुस्तकं वाचून. मी म्हणाले असेल, मला पण पुरावा नाही. माझ्या सासूबाईंनी सांगितलेलं तेवढं माझ्याकडं आहे. आणि मग बायकांच्या बाजूनं बायडाबाई बोलल्या.

बाळासो: कृष्णातची आई? ती चावडीत आलती?

अमीन: पोरगं फलक लावणार म्हणून कौतुकानं आलती. नवं लुगडं नेसून.

श्रुती: त्या उठल्याच नाहीत. बसल्या बसल्या म्हणाल्या, "सणाच्या आदल्या दिशी ती काठी मी धुती. सासूबाईंनी लावलेली रीत. धुऊन झाली की म्हणायच्या, चिमणीला हात जोड. मी नवी नवरी. म्हटलं, पाखराला कशाला हात जोडायचं? तर सासूबाई म्हणाल्या, पाखरू न्हवं बया, माणूस हुतं."

बाळासो: ...काय म्हणली?

श्रुती: पाखरू नव्हतं, माणूस होतं.

अमीन: कृष्णात म्हणला, आई, तू गप बस. म्हातारी म्हणाली, मी बसलेलीच हाय, तू बस! पोरं हसली. आन एकदा चावडी हसली बाळ्या, की संपलं.

श्रुती: मला माहीत नव्हतं हे, मामा. कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या घरातल्या बायका सासूनं सुनेला सांगत आल्या आणि गप्प राहिल्या. नाव काय, कोण होती, त्यांनाही ठाऊक नाही. फक्त हात जोडायचे.

बाळासो: पाटलाच्या घरात. आमच्या चिमणाला.

श्रुती: मग हात वर करून मत घेतलं. पेंडी सरपंचानं आणायची. ह्या वर्षी आणि पुढंही, जो कुणी सरपंच असेल त्यानं. आणि फलकावर चिमणाबाईंचं नाव पहिलं.

अमीन: आन फकिराचं दुसरं. मी हात वर करतानाच सांगितलं, फकीर न्हाई तर मंडप न्हाई.

श्रुती: सुभानरावांचं तिसरं ठेवलं. बी पेरायला त्यांनी जमीन तर दिलीच असेल. खोडून टाकलं असतं तर आपण पण त्यांच्यासारखेच झालो असतो.

बाळासो: आन काठी?

श्रुती: काठी देणार नाही म्हणाले. उठून उभे राहिले, तांबडेलाल झाले. पेंडी घ्या, फलक घ्या, काठी आमच्या घराण्याची आहे, ती माझ्याच हातात राहणार. मी म्हणाले, राहू दे की काका, काठी तुम्हीच वाजवा. मी पेंडी घेऊन मागनं येते.

बाळासो: थांब. म्हंजे पुढं कृष्णात?

अमीन: पुढं कृष्णात.

बाळासो: काठी वाजवत.

अमीन: खुळ्खुळ् खुळ्खुळ्.

बाळासो: आन त्याच्या मागनं पेंडी घेऊन आपली श्रुती. म्हंजे त्यो... अरं, ते त्याच्या ध्यानात आलं का?

अमीन: सभेत तर आलं न्हवतं. घरी जाऊन जेवाय बसल्यावर आलं असंल.

बाळासो: वाट सोडा म्हणत पाटील पुढं! आमच्या घरातल्या बाईसाठी! अमीन्या, मला धर. हसून हसून मरतोय मी आता.

श्रुती: मामा, तुम्ही रडताय.

बाळासो: गप. धूर गेलाय डोळ्यात.

अमीन: चूल कुठं पेटलीया तुझी?

०

(सणाचा दिवस. दर्ग्याचा कट्टा. देगीखाली जाळ. घाटाच्या वाटेनं लांबून घुंगरांचा आवाज.)

अमीन: ये, ये, असा फुडं ये. खांबाआड काय उभारलाईस चोरावानी?

बाळासो: मी सणाला आलेलो न्हाई. नुसता बगाय आलोय.

अमीन: मग बगाय तरी दिसंल असा उभा ऱ्हा. ऐकू येतंय?

बाळासो: कृष्णात हाय का पण? का गडी पाठवलाय काठी घेऊन?

अमीन: सोता हाय. सकाळी म्हणं म्हातारीनं सांगितलं, काठी घरातली हाय म्हणालास न्हवं, मग चाल. गडी चालला तर मान गड्याचा. बिचारा अडकला.

बाळासो: अनवाणी?

अमीन: अनवाणी. घोंगडं हाय. ते बग, वळणावर आली. आयला, मान ताठ हाय पाटलाची! मला वाटलं खाली घालून येईल.

बाळासो: घालू नये. चांगलं वाजवतोय. तालात वाजवतोय.

अमीन: तू तारीफ करतोयस?

बाळासो: माझा आज्जा असाच वाजवायचा. तीन ठोकं आन एक थांबा. ह्यांच्या घरात त्यो ताल कसा ऱ्हायला कुणास ठाऊक. ...श्रुती कुठं दिसंना?

अमीन: त्याच्या मागं. हिरवं लुगडं. पायात चप्पल हाय, बग.

बाळासो: चप्पल घातलीया?

अमीन: बायका म्हणाल्या, काढ, रीत हाय. म्हणाली, ती अनवाणी आली कारण तिच्याकडं नव्हती. माझ्याकडं आहे.

बाळासो: बरुबर केलं. आख्खी वस्ती हाय की मागं! शेजारच्या संघर्षच्या खांद्यावर त्याचं बारकं पोरगं. कोडोलीची पावणी बी आल्यात. अमीन्या, ही माणसं ह्या वाटंनं सणात कधी चालली न्हाईत रे. आमी कडंनं, सगळी गेल्यावर.

अमीन: आता मधनं चालल्यात. माईकवर काय बोलू का? मला मोप बोलायचंय.

बाळासो: काय बोलू नगंस. घुंगरू ऐकू दे.

श्रुती: मामा! तुम्ही आलात?

बाळासो: बगाय आलोय.

श्रुती: बघत काय राहिलात? ओझं कुणीतरी उतरवायला लागतं. मला एकटीला उतरवता येत नाही. लोंब्या सांडतील.

बाळासो: कृष्णातला सांग. त्याचा मान.

श्रुती: ते म्हणतात, माझ्या हातात काठी आहे, बाळासोंना सांगा. त्यांनीच नाव घेतलं तुमचं. या की. मान अवघडली माझी.

अमीन: जा, यार.

बाळासो: ...वाक जरा. हां. सोड. धरलीया मी.

श्रुती: धरली? दोन्ही हातांनी?

बाळासो: दोनी हातांनी. सोड. लई जड न्हाई गं ही.

श्रुती: मला वाटेत जड झाली. शेवटचा चढ होता ना, तिथं वाटलं, ती उपाशी होती. आणि पोतं होतं तिच्या डोक्यावर, पेंडी नव्हती.

बाळासो: हितंच टेकली असणार ती. दुसरं कुठं टेकणार? देवळाचा कट्टा तिला बंद, चावडी बंद. ह्यो एकच कट्टा हुता गावात, जितं कुणी ऊठ म्हणणार न्हाई.

अमीन: बग, आला का न्हाई माझ्या फकिराकडं फिरून! फकीरच बाई असंल. कुणी बगितलंय? पर मी फकीर सोडणार न्हाई, सांगून ठेवतो.

बाळासो: नगं सोडू. ठेव पेंडी हितं. अशी. लोंब्या घाटाकडं कर.

श्रुती: चाचा, देग उतरली का? लोक बसतायत.

अमीन: उतरली, उतरली. मेहमुदा वाढतीया. कृष्णात कुठं चाललाय? अहो पाटील! येशीभाईर कशाला? ह्या वर्षी हितंच पंगत. हां, बसा. म्हातारीच्या शेजारी बसा. बाळ्या, तू?

बाळासो: मी बगाय—

श्रुती: मामा, बसा. तुमचं पान मी वाढून ठेवलंय. कृष्णातकाकांच्या समोर नको असेल तर माझ्या शेजारी.

बाळासो: समोर असू दे. काय हुतंय.

श्रुती: खा की. काय झालं? हात का मागं घेतला?

बाळासो: भाजलं.

श्रुती: सावकाश. आत्ताच उतरलाय.

बाळासो: ह्यो भात ऊन असतोय व्हय गं? आमच्यापतूर कधी तसा आलाच न्हाई.